पेटंट आहे म्हणजे यंत्र चालतं?

मुळाकाठ (धागाकर्ती)

आमची सोसायटी पुण्याच्या पश्चिमेला. पाणी निम्मं बोअरचं, निम्मं टँकरचं. गिझरची कॉइल वर्षभर टिकत नाही, सोलरच्या नळ्या क्षाराने बुजतात, शॉवरच्या जाळीची भोकं पिन घेऊन मोकळी करावी लागतात. गेल्या सर्वसाधारण सभेत एका विक्रेत्याने क्षार चिकटू नये म्हणून पाइपला बाहेरून गुंडाळायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र दाखवलं. मीठ नको, रेझिन नको, वीज नावापुरती. किंमत ऐकल्यावर जरा चुळबूळ झाली. मग त्याने शेवटची स्लाइड लावली. 'पेटंटेड टेक्नॉलॉजी', खाली लांबलचक नंबर आणि शेजारी अशोकस्तंभ. चुळबूळ थांबली. आमचे खजिनदार म्हणाले, "सरकारने तपासून दिलंय, आता आपण काय तपासणार?"

हेच वाक्य पेट्रोलच्या पाइपवर लावायच्या चुंबकाबद्दल ऐकलंय, मोबाइलच्या पाठीवर चिकटवायच्या 'रेडिएशनरोधक' स्टिकरबद्दल ऐकलंय, वीजबिल कमी करणाऱ्या डबीबद्दल तर कित्येकदा. म्हणून हा धागा. आमचं यंत्र बरं की वाईट ते नंतर बघू. आधी हे विचारायचंय, की पेटंट ऑफिस नेमकं तपासतं काय?

आपला कायदा १९७० चा. पेटंट मिळायला तीन गोष्टी लागतात. शोध नवा हवा, त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचेल असा नको, आणि उद्योगात वापरता येण्याजोगा हवा. परीक्षक हे सगळं टेबलाशी बसून ठरवतो. त्याच्यापुढे अर्जदाराने लिहिलेलं वर्णन असतं, आकृत्या असतात, आणि जुनी पेटंटं व शोधनिबंध चाळायची सोय असते. पाइप नसतो, पाणी नसतं, गिझर तर नसतोच. गरज वाटली तर मॉडेल किंवा नमुना मागवायचा अधिकार कलम १०(३) मध्ये आहे, पण तो अपवाद. आणि कलम १३(४) खजिनदारांना फ्रेम करून द्यावं असं आहे. या तपासणीमुळे पेटंटच्या वैधतेची कुठलीही हमी मिळाली असं समजू नये, आणि त्यावरून केंद्र सरकारवर कसलीही जबाबदारी येत नाही, असं तिथे लिहिलंय. यंत्र चालेल याची हमी राहिली दूर, पेटंट कोर्टात टिकेल हेसुद्धा सरकार सांगत नाही.

पेटंट हा दुसऱ्याला अडवायचा हक्क आहे. वीस वर्षं हे माझ्या परवानगीशिवाय बनवू नका, विकू नका, एवढंच त्यात असतं. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे विहिरीला पाणी लागलं असं आपल्याकडे कुणी म्हणत नाही, मग इथेच का म्हणतो?

सगळ्यात बोलकं उदाहरण मला दक्षिण कोरियाचं वाटतं. सोल राष्ट्रीय विद्यापीठातले ह्वांग वू-सुक यांचे 'सायन्स' या नियतकालिकात २००४ आणि २००५ मध्ये दोन निबंध आले. क्लोन केलेल्या मानवी भ्रूणापासून मूलपेशी मिळवल्या, असा दावा. माणूस राष्ट्रीय वीर झाला, त्या संशोधनावर टपाल तिकीट निघालं. मग उघडकीला आलं की पुरावा बनावट आहे. जानेवारी २००६ मध्ये दोन्ही निबंध मागे घेतले गेले. पुढे इतर शास्त्रज्ञांनी तपासल्यावर दिसलं की ज्या पेशींचा एवढा गवगवा झाला त्या क्लोन नव्हत्याच, बीजांड फलन न होताच वाढू लागल्याने तयार झालेल्या होत्या. २००९ मध्ये कोर्टाने निधीच्या अपहारासाठी आणि जैवनीतिमत्तेच्या कायद्याचा भंग केल्याबद्दल निलंबित शिक्षा दिली.

आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये अमेरिकेच्या पेटंट ऑफिसने त्याच पेशींवर आणि त्या मिळवण्याच्या पद्धतीवर पेटंट दिलं.

जगभर गाजलेली बनवेगिरी, आठ वर्षं उलटून गेलेली! पत्रकारांनी विचारल्यावर ऑफिसकडून खुलासा आला, की ही व्यवस्था अर्जदाराच्या प्रामाणिकपणावर चालते, अर्जातले दावे आम्ही स्वतंत्रपणे पडताळून बघत नाही. लोक यावर हसले. मला त्या खुलाशाचं कौतुक वाटलं. ऑफिसने आपलं काम काय आहे ते इतक्या सरळ क्वचितच सांगितलं असेल.

जाणकारांनी भर घालावी. विक्रेत्यांची नावं कृपया नकोत.

अँटॉपहिलकर

चांगला धागा. मी पेटंट एजंट आहे, मुंबईच्या ऑफिसात उठबस असते, म्हणून दोन-तीन गोष्टी.

'ऑफिस तपासत का नाही' हे लोक तक्रारीच्या सुरात विचारतात. पण तपासणार कसं? आज एका टेबलावर जीन एडिटिंगचा अर्ज, उद्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचा, परवा सॅटेलाइटच्या अँटेनाचा. प्रत्येकासाठी प्रयोगशाळा उभारायची म्हटली तर देशाचं बजेट पुरणार नाही. त्यात बहुतेक अर्ज वस्तू बाजारात यायच्या आधीचे असतात, बरेचदा धड बनायच्याही आधीचे. जो आधी अर्ज करेल त्याचा हक्क, त्यामुळे सगळे घाईत. २०२३-२४ मध्ये तर आपल्याकडे लाखाहून जास्त पेटंटं मंजूर झाली. एवढी यंत्रं कोण चालवून बघणार?

१३(४) वर सुप्रीम कोर्टाचा जुना निकाल आहे, आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ. मिर्झापूरची एक भांडी बनवणारी फर्म. लेथवर भांडं धरून ठेवायच्या साधनाचं १९५० च्या दशकातलं पेटंट तिच्याकडे होतं. दुसऱ्या एका कारखानदाराशी भांडण लागलं ते वरपर्यंत गेलं. १९७८ मध्ये कोर्टाने सांगितलं की पेटंट मंजूर झालं म्हणजे ते वैध ठरलं असं नाही, आणि ते रद्द केलं. गंमत बघा, साधन चालत होतं! भांडं व्यवस्थित धरलं जात होतं. फक्त त्यात शोध म्हणण्यासारखं काही नव्हतं. म्हणजे चालणं आणि पेटंट, ही दोन वेगळी खाती आहेत, दोन्ही बाजूंनी.

धागाकर्तीला एक विनंती. त्या स्लाइडवरच्या नंबरचे पहिले सहा आकडे सांगाल का? नाव नको.

वायरमन_निवृत्त

वीजबिल कमी करणाऱ्या डबीचा उल्लेख आला म्हणून लिहितो. वीज मंडळात आयुष्य गेलं. डबी फोडून बघितली की आत एक कपॅसिटर, एक एलईडी, कधीकधी नुसतीच वाळू वजनाला. कपॅसिटरने पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेपैकी किती प्रत्यक्ष कामी येते त्याचं प्रमाण, सुधारतो हे शंभर टक्के खरं. कारखान्यांमध्ये मोठे कपॅसिटर बँक बसवलेले असतात आणि त्याने त्यांचं बिलही कमी होतं. पण घरच्या मीटरवर बिल येतं किलोवॉट-तासाचं. पॉवर फॅक्टर ०.८ चा ०.९८ झाला तरी तुमचा पंखा जेवढी वीज खातो तेवढीच खाणार. वायरींमधली गळती किंचित कमी होईल, ती बिलात दिसायचीसुद्धा नाही.

अशा डबीवर कुणी पेटंट काढलं तर मला आश्चर्य वाटणार नाही. सर्किट नवं असू शकतं, त्यातून पॉवर फॅक्टर सुधारतही असेल. खोटं फक्त एकच वाक्य असतं, 'बिल ३० टक्क्यांनी कमी'. आणि ते पेटंटात नसतं, ते पाकिटावर असतं.

मुळाकाठ

काका, शेवटचं वाक्य आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकते.

अँटॉपहिलकर, नंबर २०२२२१ ने सुरू होतो, एकूण बारा आकडे.

चौथी_मिती

एकाच बाजूने चाललंय सगळं. स्टॅन्ली मेयरचं नाव ऐकलंय का कुणी? पाण्यावर चालणारी बग्गी बनवली त्याने. अमेरिकेत रीतसर पेटंटं मिळाली. १९९८ मध्ये हॉटेलात जेवताना अचानक मृत्यू. तेल कंपन्यांना नको असलेलं तंत्रज्ञान कसं दाबतात ते जरा वाचा. मग पेटंटला नावं ठेवा.

अँटॉपहिलकर

मुळाकाठताई, हा पेटंटचा नंबरच नाही, हा अर्जाचा नंबर आहे. पहिले चार आकडे वर्ष, पुढचा २ म्हणजे मुंबई ऑफिस, त्यापुढचा १ म्हणजे साधा अर्ज. मंजूर पेटंटचा नंबर वेगळा असतो, आजकालचे सहा आकडी आहेत. पेटंट ऑफिसच्या संकेतस्थळावर हा नंबर टाका, फुकट आहे. अर्जाची सध्याची स्थिती बघा आणि 'दावे' हा भाग उघडा. वर्णन वाचू नका, तिथे सगळे कवी असतात. दावा क्रमांक १ वाचा. हक्क मागितलाय तो फक्त दाव्यांपुरता.

ओहायोकर

चौथी_मिती, मी मेयरच्याच राज्यात राहतो, म्हणून ही गोष्ट मला जरा जास्त माहीत आहे. त्याच्याकडे पेटंटं होती, बरोबर. 'इंधन वायू बनवण्याची पद्धत' या नावाचं एक १९९० मध्ये मंजूर झालेलं. दोन गुंतवणूकदारांनी पैसे लावले आणि नंतर त्याला कोर्टात खेचलं. तज्ज्ञांनी त्याचा 'फ्युएल सेल' तपासला तर त्यात क्रांतिकारी काहीच निघालं नाही, नेहमीचं विद्युत अपघटन, म्हणजे विजेने पाण्याचे घटक वेगळे करणं. १९९६ मध्ये ओहायोच्या कोर्टाने 'ढळढळीत फसवणूक' अशा अर्थाचे शब्द वापरून दोघांचे २५,००० डॉलर परत करायला लावले. मृत्यूच्या तपासात मेंदूतली रक्तवाहिनी फुटल्याचं निदान आहे.

पण हे सगळं बाजूला ठेवा. पेटंट मिळतं ते कृती जाहीर करण्याच्या बदल्यात. मेयरची पेटंटं आकृत्यांसकट इंटरनेटवर पडून आहेत आणि त्यांची मुदत कधीच संपली. कोल्हापूरच्या कुठल्याही वर्कशॉपने उद्या बनवून विकावं, कायदा आडवा येणार नाही. ज्याने तंत्र लपवायचं ठरवलं असतं तो पेटंट काढेल कशाला?

चौथी_मिती

बनवणाऱ्याचं काय होतं ते बघितलंय जगाने. असो. माझं मत मी मांडलं.

स्टाफरूम

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, पण आता लिहितोच.

मी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. आमच्याकडे 'पेटंट' हा शब्द ज्या अर्थाने वापरतात तो ऐकला तर अँटॉपहिलकरांना चक्कर येईल. अर्ज केला की अठरा महिन्यांनी तो पेटंट ऑफिसच्या जर्नलमध्ये आपोआप प्रसिद्ध होतो. तेवढा धीर नसेल तर फॉर्म ९ भरायचा, महिन्याभरात छापून येतं. परीक्षकाने तोवर अर्ज उघडलेलाही नसतो. पण आमच्या नोटीस बोर्डावर पुष्पगुच्छासकट फोटो, 'प्राध्यापकांना पेटंट प्रदान'. कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या फायलीत नोंद, बढतीच्या फॉर्मवर गुण, वार्षिक स्नेहसंमेलनात सत्कार. पुढे परीक्षणासाठी फी भरायची असते, ती कोण भरतंय? काम झालेलं असतं.

त्याहून पुढची पायरी म्हणजे ब्रिटनमधली डिझाइन नोंदणी. तिथे डिझाइनच्या नवेपणाची तपासणी न करताच नोंदणी होते. एखादं चित्र काढायचं, 'एआय-आधारित रक्तदाब मापक' असं नाव द्यायचं, सात-आठ जणांनी पैसे जमवून नावं घालायची. प्रमाणपत्रावर लाल सील असतं, दिसायला आपल्यापेक्षा भारी. ते यंत्र अस्तित्वात नसतं. कुणी बनवायचा विचारही केलेला नसतो. नोंदणी आहे ती त्या चित्रातल्या आकाराची.

गोळीबंद

मी औषध कंपनीत आहे, पेटंट विभागाशी रोज संबंध. इथपर्यंत सगळे भामट्यांबद्दल बोललेत. मला प्रामाणिक लोकांबद्दल सांगायचंय, कारण प्रश्न भामट्यांपुरता नाहीच.

औषधाच्या रेणूचं पेटंट आम्ही माणसांवरच्या चाचण्या सुरू होण्याच्या कितीतरी आधी दाखल करतो. हातात काय असतं? काचेच्या नळीतले निकाल, उंदरांवरचे निकाल. पुढे माणसांवरच्या पहिल्या टप्प्यात पोचलेल्या दहा रेणूंपैकी साधारण एक बाजारात येतो. उरलेल्या नऊंवरही पेटंटं असतातच, चोख, कोर्टात टिकणारी.

फायझरचं टॉरसेट्रॅपिब आठवतंय का? 'चांगलं' कोलेस्टेरॉल वाढवणारं औषध. रेणू नवा होता, आणि तो जे करतो म्हणाले ते खरंच करत होता. रक्त तपासलं की आकडे सुंदर. त्यावर सुमारे ८० कोटी डॉलर खर्च झाले. शेवटच्या टप्प्यातल्या चाचणीत १५,००० च्या आसपास रुग्ण होते. डिसेंबर २००६ मध्ये देखरेख करणाऱ्या समितीने आकडे मोजले तर औषध घेणाऱ्या गटात ८२ मृत्यू आणि न घेणाऱ्या गटात ५१. चाचणी तिथल्या तिथे बंद. कुणी खोटं बोललं नव्हतं. पेटंटात काही चूक नव्हती. माणसाचा जीव वाचेल का, हा प्रश्न पेटंट ऑफिसला कुणी विचारलेलाच नव्हता. तो औषध नियंत्रकाचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मिळवायला हजारो रुग्ण आणि कित्येक वर्षं लागतात.

अवांतर: अमेरिकेत पेटंटच्या अर्जात न केलेला प्रयोगही उदाहरण म्हणून लिहिता येतो. अट एवढीच की भूतकाळात लिहायचा नाही. 'मिश्रण ६० अंशांना तापवतात, पांढरी भुकटी मिळते' चालेल. 'तापवलं, भुकटी मिळाली' लिहायचं तर ते केलेलं असायला हवं. घाईत वाचणाऱ्याच्या हा फरक लक्षातही येत नाही, आणि मग ती 'मिळणारी' भुकटी शोधनिबंधांमध्ये 'मिळालेली' म्हणून फिरते.

सांगोलेकर

माझा प्रश्न साधा आहे. डाळिंबाची बाग आहे. दर हंगामात कुणीतरी पोरगं मोटारसायकलवर बाटली घेऊन येतं. 'पेटंटेड नॅनो फॉर्म्युला, फुलगळ थांबते.' पेटंटावर विश्वास ठेवायचा नाही हे कळलं. मग कशावर ठेवायचा? आमच्याकडे काय प्रयोगशाळा नाही.

गोळीबंद

दादा, खरा मुद्दा तुम्हीच काढलात. परिणाम तपासणारी कागदपत्रं वेगळी असतात, ती मागायची. कीडनाशक असेल तर फरिदाबादच्या केंद्रीय कीडनाशक मंडळाची नोंदणी लागते. ती मिळवायला कुठल्या पिकावर, कुठल्या किडीवर, किती मात्रेत काम झालं याची माहिती द्यावी लागते. म्हणून बाटलीवर पीक आणि कीड छापलेली असते, तुमचं डाळिंब त्यात आहे का ते बघा. जैव-उत्तेजकं, म्हणजे हे फुलगळ-बिलगळवालं, २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आणली आहेत. तोपर्यंत मोकळं रान होतं. पोराला नोंदणीचं विचारा, आणि 'राहुरीला चाचणी झाली' असं म्हणाला तर अहवालाची प्रत मागा. कुठलं वाण, किती झाडं, फवारणी न केलेल्या झाडांशी तुलना केली का.

सांगोलेकर

मागितली तर ते पोरगं परत येणार नाही 😄 तेही बरंच.

हळदीचंपान

पण पेटंट ऑफिसं एवढी ढिसाळ असती तर सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या माशेलकरांनी हळदीची लढाई जिंकली कशी? १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं होतं, आणि सीएसआयआरने १९९७ मध्ये ते रद्द करून दाखवलं. आपल्या आजीबाईच्या बटव्याचा विजय होता तो.

अँटॉपहिलकर

विजय होताच. पण तो कोणत्या मुद्द्यावर ते बघा. सीएसआयआरने संस्कृत ग्रंथांपासून जुन्या छापील निबंधांपर्यंत ३२ संदर्भ दिले आणि सांगितलं की हे नवं नाही. हळदीने जखम बरी होते की नाही यावर कुणाचंच भांडण नव्हतं. त्यामुळे 'अमेरिकेने मान्य केलं की हळद गुणकारी आहे' असे जे फॉरवर्ड फिरतात ते तितकेच चूक, जितकं खजिनदारांचं वाक्य.

एका बाबतीत मात्र ऑफिसला 'चालतं का' हे बघावंच लागतं, त्याबद्दल लिहायचं राहिलं होतं. आपल्या कायद्यात कलम ३ चं पहिलंच उपकलम आहे. निसर्गाच्या प्रस्थापित नियमांच्या उघड विरोधात जाणारं काहीही शोध मानायचं नाही. घालाल त्यापेक्षा जास्त ऊर्जा देणारी यंत्रं इथे अडतात. अमेरिकेतही एरवी मॉडेल मागत नाहीत, पण चिरंतन गतीच्या यंत्राला मागतात.

तिथला जोसेफ न्यूमनचा खटला वाचण्यासारखा आहे. मिसिसिपीचा गृहस्थ, १९७९ मध्ये 'ऊर्जा यंत्रा'चा अर्ज केला, ऑफिसने नाकारला, तो कोर्टात गेला. कोर्टाने नेमलेला तज्ज्ञ चक्क न्यूमनच्या बाजूने झुकला, आणि हा तज्ज्ञ पूर्वीचा पेटंट आयुक्त होता! न्यायाधीशांना ते पटेना. त्यांनी यंत्र राष्ट्रीय मानक ब्युरोकडे तपासायला पाठवायचा आदेश दिला. १९८६ मध्ये अहवाल आला. कुठल्याही स्थितीत चालवलं तरी बाहेर येणारी ऊर्जा आत घातलेल्या ऊर्जेपेक्षा कमीच. १९८९ मध्ये अपिलातही तो हरला. एक यंत्र प्रत्यक्ष मोजून बघायला अर्ज केल्यापासून सात वर्षं आणि कोर्टाचा हुकूम लागला, यावरून एरवी किती मोजलं जातं ते ओळखा. आणि एवढं होऊनही २००२ मध्ये दुसऱ्या एका मंडळींच्या 'हालचाल नसलेल्या विद्युतचुंबकीय जनित्रा'ला अमेरिकेत पेटंट मिळालंच. अर्ज भौतिकशास्त्राच्या भाषेत नीट गुंडाळून लिहिला की परीक्षकाला संशय यायलाच वेळ लागतो.

बे_एरियातली_मावशी

इतके प्रतिसाद झाले आणि थेरानोसचं नाव नाही? एलिझाबेथ होम्सचा पहिला अर्ज सप्टेंबर २००३ चा, तेव्हा ती १९ वर्षांची. दंडावर पट्टी लावायची, ती रक्त तपासणार आणि औषधही सोडणार. २००७ मध्ये पेटंट मंजूर. ती पट्टी कधीच बनली नाही. पुढे बोटाच्या थेंबभर रक्तावर ढीगभर चाचण्या करणारं यंत्र आलं, त्यावरही पेटंटांची रास. गुंतवणूकदारांना दाखवायला तेवढं पुरत होतं. २०१८ मध्ये कंपनी बुडाली, २०२२ मध्ये होम्स दोषी ठरली आणि तिला सव्वाअकरा वर्षांची शिक्षा झाली.

पण कळस पुढे आहे. कंपनी मेली, पेटंटं जिवंत राहिली. ती एका वित्तसंस्थेकडे गेली आणि मार्च २०२० मध्ये, ऐन कोविडमध्ये, त्याच पेटंटांच्या जोरावर बायोफायर या कंपनीवर दावा ठोकला गेला. बायोफायरची रक्त-स्राव तपासणारी यंत्रं खरोखर चालतात आणि ती तेव्हा कोविडची चाचणी तयार करत होती. बोंब झाल्यावर दावा करणाऱ्यांनी कोविड चाचण्यांपुरता फुकट परवाना देऊ केला. म्हणजे न चाललेल्या यंत्राचा मालक चालणाऱ्या यंत्राकडे भाडं मागतोय! पेटंट निरुपयोगी यंत्रावर असलं तरी निरुपद्रवी नसतं, हे इथे सगळ्यात स्वच्छ दिसतं.

मुळाकाठ

+१००. हे माहीत नव्हतं.

आमच्याकडची ताजी खबर. नंबर टाकून बघितला. परीक्षण अहवाल निघालेला आहे, त्याला मुदतीत उत्तर नाही, स्थितीत लिहिलंय 'कलम २१(१) अन्वये अर्ज सोडून दिल्याचे मानण्यात आले'. आणि दावा क्रमांक १ कशाचा असावा? कॉइल पाइपवर घट्ट बसवायच्या क्लॅम्पचा. पाण्याच्या क्षाराबद्दल त्या दाव्यात चकार शब्द नाही.

खजिनदारांना दाखवलं. ते म्हणतात, "अर्ज तरी केला ना त्यांनी."

अँटॉपहिलकर

पहिल्या अहवालाला सहा महिन्यांत उत्तर द्यावं लागतं, फार तर तीन महिने वाढवून मिळतात. नाही दिलं की अर्ज संपला. आता त्या वस्तूवर 'पेटंटेड' छापणं कलम १२० खाली दंडाला पात्र आहे. पेटंट किंवा चालू अर्ज नसताना तसं भासवणं, दोन्ही त्यात येतं. विक्रेत्याला हे प्रेमाने सांगा, स्लाइड बदलेल.

वायरमन_निवृत्त

क्लॅम्प मात्र चांगला असेल हो, परीक्षकाने अहवाल लिहिण्याइतका मनावर घेतला म्हणजे.

ताई, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर लावून बघायला जाल तर फसाल. विक्रेता स्वतःच म्हणेल की टीडीएस बदलत नाही, कठीणपणाही बदलत नाही, क्षाराच्या स्फटिकाचा प्रकार बदलतो आणि तो चिकटत नाही. यावर जगात बरेच प्रयोग झालेत, निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. तेव्हा चिकटतं का तेच बघा. एकाच टाकीवरचे दोन नवे गिझर, सारख्या वॅटचे, थर्मोस्टॅट सारखा. एकाच्या पाइपला यंत्र, दुसऱ्याला तसंच दिसणारं पण बंद यंत्र. कुठलं चालू ते गिझर उघडणाऱ्याला सांगायचं नाही. तीन महिन्यांनी दोन्ही कॉइल काढून वाळवून वजन करा. किराणा दुकानातला काटासुद्धा चालेल. आणि पाण्याचा कठीणपणाच काढून टाकणारा रेझिनचा सॉफ्टनर किती खर्चात बसतो ते कोटेशन शेजारी ठेवा. त्याला मीठ लागतं, खारं पाणी फेकावं लागतं, पण तो काय करतो ते अर्ध्या तासात साबणाच्या फेसावर कळतं.

चाकण_लाइन_३

उशिरा आलो धाग्यावर. माझ्या नावावर एक पेटंट आहे, कंपनीच्या मालकीचं. वेल्डिंगच्या वेळी पत्रा पकडायचं फिक्स्चर. अर्ज लिहिताना एजंटने मला एकदाही विचारलं नाही की ते लाइनवर चालतंय का. आधी कुणी असं केलंय का, एवढंच खोदून खोदून विचारलं. मला तेव्हा ते विचित्र वाटलं होतं, हा धागा वाचून वाटत नाही. चालतंय की नाही हे विचारणारा आमचा प्रॉडक्शन मॅनेजर होता, आणि त्याला पेटंटशी देणंघेणं नव्हतं, त्याला तासाला किती जॉब निघतात ते हवं होतं.

स्टाफरूम

मग अजून आहे का ते पेटंट?

चाकण_लाइन_३

नाही. दरवर्षी नूतनीकरणाची फी असते आणि ती वाढत जाते. कंपनीने हिशेब केला, ते मॉडेल बंद व्हायच्या बेतात होतं, फी भरली नाही आणि पेटंट संपलं. फिक्स्चर चालू आहे. किरकोळ बदल करून शेजारच्या व्हेंडरनेही बसवलंय, त्याला बुशिंगचं माप मीच दिलं.